सभ्य किल्लेदार

बंगळुरू, ९ जानेवारी २०२३

ती. बाळमामा,

साष्टांग नमस्कार घालायला या खोलीत जागा नाही, तेव्हा उभ्यानेच घालते.

पाकीट बघून तू आधी मामीला विचारलं असशील, "कोण गेलं?" कुणी नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र तू डबीत जपून ठेवतोस, आणि मोबाइलवरचे निरोप म्हणजे तुझ्या मते भिंतीवर कोळशाने लिहिणं. मग उरलं पत्र.

पत्राबरोबर एक खोकं आलं असेल. त्यातला काळा डबा टीव्हीला जोडायचा. कसा, ते वेगळ्या कागदावर चित्रं काढून दाखवलंय. आत आमच्या कंपनीचा खेळ आहे, ज्याच्यापायी मी गेल्या दिवाळीला पुण्याला आले नाही. एक माणूस, एक तलवार, एक गड. खालच्या दरवाज्यापासून वर किल्लेदारापर्यंत एकेकाशी लढत जायचं. खेळाच्या चार पातळ्या आहेत: सोपी, बरी, अवघड आणि अघोरी. चौथी माझ्याकडे आहे आणि ती गळ्याशी आली आहे. खेळून बघणारे म्हणतात, अघोरी पातळी अवघड नाही, अन्यायी आहे. फरक काय ते त्यांना सांगता येत नाही आणि मला कळत नाही.

तू खडकवासल्याच्या सैनिकी प्रबोधिनीत उभा जन्म पोरांना तलवारबाजी शिकवलीस. लढाई अवघड कशाने होते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? खेळून बघ आणि लिही. भीड ठेवू नकोस, असं लिहिणार होते, पण कुणाला लिहितेय ते आठवलं.

आणि अघोरीच खेळायचं हं. सोपी खेळलास तर पुण्याला येऊन तुझ्याच गॅलरीतून ओरडेन, "बाळमामा कच्चा लिंबू!" मला केलं होतंस ना तसं. पाच वर्षांची होते मी. खाली सगळे विषामृत खेळत होते, आणि मला कुणी पकडलं तरी मी बाद नाही, हे तू वरून अख्ख्या सदाशिव पेठेला ऐकवलंस. त्या दिवशी मी जेवलेसुद्धा नव्हते.

तुझी,
उल्का

*

सदाशिव पेठ, पुणे, २४ जानेवारी २०२३

चि. उल्का,

आशीर्वाद, त्यातले निम्मे मामीचे. जेवली नव्हतीस हे खोटं आहे. श्रीखंड होतं, दोन वाट्या खाल्ल्यास.

डबा जोडला. मंदाकिनी म्हणाली, या वयात माणसं हातात जपमाळ धरतात. मी हातातला रिमोट दाखवून म्हटलं, हिला मणी कमी आहेत, पण बटणं भरपूर आहेत.

तुझी अघोरी पातळी पाहिली. पहिलाच पहारेकरी. त्याला मी इतके वार केले की खऱ्या माणसाचा भुगा झाला असता. हा आपला उभा. हा पहारेकरी आहे की गव्हाचं पोतं? शत्रूच्या अंगात रक्त जास्त भरलं म्हणून लढाई अवघड होत नाही, लांबते. माझ्या साडूचं बोलणं लांब असतं, अवघड नसतं. आणि त्याचा एक वार लागला की मी मेलो. त्याला शंभर, मला एक. याला आमच्यात रडीचा डाव म्हणतात. तुझी खेळणारी माणसं बरोबर बोलताहेत.

आता नीट ऐक. तलवारीकडे बघणारा मरतो. वार पात्यातून निघत नाही, खांद्यातून निघतो. आधी खांदा हलतो, मग कोपर, मग मनगट, मग पातं. खांदा आणि पातं यांच्या मधे जेवढा वेळ, तेवढंच समोरच्याचं आयुष्य. त्या खांद्याच्या हालचालीला आम्ही चाहूल म्हणायचो. तुझ्या पहारेकऱ्याला ती आहे, ज्याने काढली त्याला माझी शाबासकी सांग. पण सोप्या पातळीत जेवढी, तेवढीच अघोरीत. ती कमी कर. कमी कर म्हणतोय, काढून टाकू नकोस. चाहूल न देता मारतो तो शत्रू नव्हे, अपघात. त्याच्याशी कुणाला लढता येत नाही.

आणखी. तिघे शत्रू आले तर दोघे हात बांधून उभे राहतात आणि एकटाच लढतो. रेशनच्या रांगेत आहेत का ते? मी जखमी झालो की कमरेची बाटली काढून औषध पितो, तेवढा वेळ शत्रू माझं पिऊन होण्याची वाट बघतो. मी माझ्या पोरांना सामन्यात घाम पुसू दिला नाही.

उद्या परत बसणार आहे. पुलावरच्या पहारेकऱ्याने माझा अपमान केला आहे.

तुझा,
बाळमामा

*

बंगळुरू, १२ फेब्रुवारी २०२३

ती. बाळमामा,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं, इंग्रजी करून. साडूच्या वाक्याचं भाषांतर जमलं नाही, तरी हसले सगळे. आता आमच्याकडे "चाहूल" हाच शब्द चालू झाला आहे. एक तमिळ मुलगा दिवसभर "चाऊल, चाऊल" करत फिरतो. आम्हाला वाटतं तो भात मागतोय.

तू सांगितलंस ते सगळं केलं. शत्रूचं जास्तीचं रक्त काढलं. अघोरीत चाहूल आखूड केली, डोळ्याची पापणी लवते ना, जवळजवळ तेवढी. शत्रू आता रांग लावत नाहीत, एक समोरून अडकवतो आणि दुसरा मागून येतो. औषध पिताना बाटली हातातून उडवली जाऊ शकते. आणि मामा, जादू झाली. लोक पूर्वीपेक्षा जास्त मरताहेत, पण कुणी अन्यायी म्हणत नाही. मेल्यावर म्हणतात, "चूक माझीच." हेच तर मला हवं होतं. नवा खेळ तुझ्या डब्यात आपोआप उतरेल.

तू आमचा अधिकृत परीक्षक झालास. पगार नाही, मान आहे.

एक विचारू? अक्षर इतकं बारीक का काढतोस हल्ली? पहिली ओळ वाचता येते, शेवटच्या ओळीला भिंग लागतं. कागद महाग झाला का पुण्यात?

तुझी,
उल्का

*

पुणे, ३ मार्च २०२३

चि. उल्का,

हस्ताक्षराबद्दल तक्रार आली म्हणून हे पत्र संगणकावर टंकून छापलं आहे. आता भिंगाचा खर्च वाचेल.

तुझा खेळ आता खेळ झाला आहे. पुलावरच्या पहारेकऱ्याचा हिशेब मी गेल्याच महिन्यात चुकता केला. फार सुंदर मेला. मागून येणाऱ्या भालाईतानेही मला दोनदा फसवलं, आणि फसल्यावर मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. सध्या शेवटच्या दालनात किल्लेदारापुढे रोज मरतो. सकाळी फिरून आलं, आंघोळ केली, मेलो, की मग जेवायला बसायचं.

पण एक तक्रार आहे. गेल्या दहा-बारा दिवसांत तू चाहूल आणखी आखूड केलीस. न सांगता केलीस. किल्लेदाराचं सोड, पुलावरचा तोच पहारेकरी, ज्याला मी सहज लोळवत होतो, तोही आता खांदा हलवतो न हलवतो तोच पातं मानेवर. पापणीइतकी म्हणाली होतीस. आता पापणीच्या केसाइतकी आहे. हे पुन्हा अन्यायाकडे चाललंय. किती कमी केलीस ते खरं कळव.

तुझा,
बाळमामा

*

बंगळुरू, ९ मार्च २०२३

सौ. मंदाकिनी मामीस,

हे पत्र फक्त तुझ्यासाठी. मामाला दाखवू नकोस.

मामाला वाटतंय मी खेळ अवघड केला. मी काहीही बदललेलं नाही. फेब्रुवारीत पाठवला तोच खेळ त्याच्याकडे आहे. मामा खेळतो त्याचं चित्रण आमच्याकडे येतं, ते मी काल बसून पाहिलं. सुरुवातीला तो वार वेळेवर अडवायचा. आता प्रत्येक वार अडवायला उशीर होतो. मला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. चुकीचं बटण त्याने एकदाही दाबलेलं नाही. डावीकडून वार आला तर डावीकडचंच, खालून आला तर खालचंच. त्याला सगळं बरोबर दिसतंय. फक्त बोट उशिरा पडतं.

अक्षर बारीक झालं म्हणून मी त्याची थट्टा केली. मामी, मामाला बरं नाहीये का? खरं सांग.

तुझी,
उल्का

*

पुणे, १६ मार्च २०२३

चि. उल्कास,

तुला तिथे बसून कळलं, इथल्या शेजाऱ्यांना अजून कळलेलं नाही.

ह्यांना कंपवात आहे. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यातून बाहेर पडलो आणि रिक्षात बसताना हे म्हणाले, "हा विषय संपला." झालं. त्यानंतर या घरात तो शब्द कुणी उच्चारलेला नाही. गोळ्यांच्या डबीलाही आम्ही "ते" म्हणतो. मी चहा अर्धा कप देते, म्हणजे सांडायला नको. सदऱ्यांची बटणं नुसती वरून ठेवलीत, आतून चिकटपट्टी लावलीय. ह्यांनी एका अक्षराने विचारलं नाही की कप अर्धा का. आम्ही एकमेकांना फसवतो, आणि दोघांनाही ते माहीत आहे. तू म्हणशील काय ही माणसं. पण अगं, मी काय करू? मला दुसरं काही करताच येत नाही.

त्या खेळापुढे बसले की मात्र हे पूर्वीसारखे दिसतात. पाठ ताठ, हनुवटी वर. आणि मग हरले की माझ्याकडे न बघता उठतात, ते मला बघवत नाही. तुझ्याच हातात आहे ना गं ते यंत्र? मग एकदा जिंकू दे ना ह्यांना. कुणाचं काय जातंय?

तुझी,
मामी

*

बंगळुरू, २१ मार्च २०२३

ती. बाळमामा,

पकडलंस मला! आमच्याकडे एका मुलाने चुकून चाहूल वाजवीपेक्षा कमी केली होती, ती थेट तुझ्या डब्यात उतरली. तुझं बरोबर होतं. आता पुन्हा जिथे होती तिथे आणली आहे. चूक आमची, तुझी नव्हे.

घाईत आहे, म्हणून एवढंच.

तुझी,
उल्का

*

पुणे, १७ एप्रिल २०२३

चि. उल्का,

मेला! किल्लेदार मेला!

काल सकाळी अकराच्या सुमारास. मंदाकिनी कोथिंबीर निवडत होती, तिला मी हाक मारून उभं केलं. ती रडली. मी म्हटलं, अगं, खोटा किल्लेदार आहे, एवढं काय! तर आणखीच रडली. बायकांना वीररस सोसत नाही.

इमारतीत पेढे वाटले. कारण विचारल्यावर खरं सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या यज्ञेश्वर पंडितांनी पेढा घेतला आणि "वा, वा, या वयात!" असं अशा आवाजात म्हणाले की त्यांच्याकडून पेढा परत घ्यावासा वाटला.

तुला खरं सांगू का? मधे मला भीती वाटली होती. कसली ते सोड. ती गेली. गेले काही दिवस मी पूर्वीसारखा खेळतो आहे. खांदा दिसला, बोट पडलं. खांदा दिसला, बोट पडलं. तुझी चाहूल आता अगदी नेमकी आहे. सगळ्यांसाठी हीच ठेवा, एक केसभर इकडेतिकडे नको. तुझ्या साहेबाला सांग, खडकवासल्याच्या जुन्या मास्तरचं हे मत आहे, हवं तर सही करून देतो.

पुढच्या पंधरवड्यात वारज्याच्या हिंदुरावला बोलावतो आहे. त्यालाही बघू दे.

तुझा आनंदात असलेला,
बाळमामा

*

पुणे, ६ मे २०२३

चि. उल्का,

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. का नाही, ते मला काल कळलं.

काल हिंदुराव आला होता. वारज्याचा. सकाळी आम्ही बरोबर फिरतो. शेत होतं तिथे आता त्याच्या इमारती आहेत, पण हातांना अजून नांगराची सवय आहे. असले खेळ त्याने जन्मात पाहिले नाहीत. मी त्याला किल्लेदारापुढे बसवला. मिरवायलाच बसवला, खोटं कशाला बोलू. त्याने तो रिमोट उलटा धरला, मी सुलटा करून दिला. पहिल्या खेपेला मेला. दुसऱ्या खेपेला त्याने किल्लेदार मारला. मधे मंदाकिनीला "साखर जरा कमी टाका" हेही सांगितलं.

मग म्हणाला, "मास्तर, ह्यो तुमचा किल्लेदार लई सभ्य हाय बगा. वार करायच्या आधी इचारतोय जनू, मारू का म्हून."

तो हसला. मीही हसलो.

तो गेल्यावर मी टीव्हीपुढे बसून किल्लेदाराचा खांदा पाहिला. खेळलो नाही, नुसता पाहिला. खांदा हलतो, कोपर हलतं, आणि मग काहीच होत नाही. मधे कुणीतरी माझ्यासाठी थांबलेलं आहे. ती तू आहेस.

मला कंपवात आहे. तुला ते माहीत आहे, आणि ते कुठून कळलं तेही मला माहीत आहे. या घरात चहा अर्धा कप मिळतो. बँकेतली मुलगी माझी वाकडी सही बघते आणि "जुळते हं काका" म्हणते. रस्ता ओलांडताना अनोळखी माणसं दंड धरतात. सगळे मला जिंकू देतात, उल्का. तो किल्लेदार एकटा असा होता की ज्याला माझी कीव नव्हती. तो रोज मला मारायचा, आणि आज मी कुठवर आलो ते मला रोज खरं कळायचं. रोज दुखायचं, पण खरं कळायचं. तो तू काढून घेतलास, आणि वर मला पेढे वाटायला लावलेस.

मला दिसतं सगळं. खांदा आजही सगळ्यांच्या आधी मला दिसतो. मी हाताला म्हणतो, चल. हात म्हणतो, आलो. तो येईपर्यंत मी मेलेला असतो.

तुला मी कच्चा लिंबू केलं ते गॅलरीतून ओरडून केलं. त्याचा तुला अजून राग आहे. पण कच्चा लिंबू ओरडूनच करायचा असतो. ज्याला केलं त्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो लिंबू का होईना, खेळात असतो. न सांगता केलं की तो खेळात नसतो. त्याचा खेळ केलेला असतो.

बाळमामा

*

बंगळुरू, १३ मे २०२३

ती. बाळमामा,

तू पत्राखाली "तुझा" लिहिलं नाहीस. तेवढा एक शब्द मी पुन्हा पुन्हा शोधला.

मी खोटं बोलले. चूक कुणा मुलाची नव्हती, कुणाचीच नव्हती. मी तुझ्या एकट्याच्या डब्यात चाहूल लांबवली, जवळजवळ दुप्पट. कल्पना माझीच. मामीला यातलं काही माहीत नाही.

काय करायला हवं होतं ते मला आजही कळत नाही. माझ्यापुढे एक आकडा होता. तो बदलला की माझा मामा जिंकत होता. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं रे. तुझा हात मला बरा करता येत नाही. डॉक्टरलाही येत नाही. मग जे बदलता येत होतं ते बदललं. तुझं आनंदाचं पत्र आलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, आणि उत्तर लिहायला घेतलं की पहिल्या ओळीत आणखी एक खोटं लागायचं. म्हणून लिहिलंच नाही.

खरा खेळ परत पाठवला आहे. सगळ्या जगाला मिळणार तोच. त्यात मी कुठेही थांबलेली नाही.

जूनच्या शेवटी येते आहे. येऊ का?

तुझी,
उल्का

*

पुणे, ४ जून २०२३

(उल्का, अक्षर माझं आहे, शब्द ह्यांचे. संगणकाची बटणंही आता एकाला दोन दाबली जातात. मामी.)

चि. उल्का,

"मामीला यातलं काही माहीत नाही," हे वाक्य मी तुझ्या मामीला मोठ्याने वाचायला लावलं. ती "मामीला"पाशीच अडखळली. तेव्हा तो विषय मिटला. चहा आता पूर्ण कप मिळतो. निम्मा बशीत, बशीतला निम्मा सदऱ्यावर. पण पूर्ण मिळतो. (हे मी लिहिणार नव्हते. हे म्हणाले, लिही. मामी.)

खरा खेळ सुरू केला. किल्लेदारापर्यंत जाण्याचा प्रश्नच आला नाही. पुलावरच्या पहारेकऱ्याने मला रोज मारलं. मग खालच्या दरवाज्यावरच्याने. तो तर अगदी नवशिक्यांसाठी ठेवलेला आहे ना? परवापासून रिमोट हातात स्थिर राहत नाही, बोटं आपली आपणच बटणं दाबतात, आणि पडद्यावरचा माणूस समोर कुणी नसताना तलवार फिरवत बसतो. मला हसू आलं, मग आलं नाही.

चाहूल न देता मारतो तो शत्रू नव्हे, अपघात, असं मी तुला ऐटीत लिहिलं होतं. इथे चाहूल दिली गेली होती. दोन वर्षांपूर्वी मला मोगऱ्याचा वास यायचा बंद झाला. मग अक्षर बारीक झालं, ते तुलाही दिसलं. चालताना उजवा हात हलेनासा झाला. खांदा कधीचा हलत होता. शिकवणारा मी, आणि मीच पात्याकडे बघत राहिलो. अर्थात आधी दिसलं असतं तरी काय अडवणार होतो म्हणा.

तुझ्या खेळाबद्दल शेवटचं. अघोरी आहे तशी राहू दे. पण ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी चाहूल लांबवायची असेल तर ती चोरून लांबवू नका. पडद्यावर ठळक अक्षरांत लिहा, की तू कच्चा लिंबू आहेस, तू बाद होणार नाहीस, ये खेळायला. ज्याला यायचं तो येईल.

विचारतेस काय, येऊ का म्हणून? ये.

तुझा,
बाळमामा

*

बंगळुरू, ९ जुलै २०२३

ती. बाळमामा,

पोचले. मामीच्या पोळ्या हायवेवरच संपल्या.

इथे आल्यापासून मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते आहे. माझ्या मामाने अघोरी पातळीवरचा किल्लेदार मारला. खरा किल्लेदार, एका केसाचीही सूट नाही. बटणं माझ्या हातात होती, पण लढलास तू. तू "डावी" म्हणालास की मी डावीकडे अडवलं, तू "खाली" म्हणालास की खाली, "आता" म्हणालास की वार. तुझे डोळे आणि माझी बोटं. मी एकटी त्याला कधीच मारू शकले नसते. तू नसतास तर मी त्या दालनात अजून मरत बसले असते.

आणि साहेबाने तुझं म्हणणं मान्य केलं. खेळाला आता पाचवी पातळी आहे, सोपीच्याही खाली. नाव मराठीतच ठेवलंय, "कच्चा लिंबू". निवडली की ढोल वाजतो आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं. चोरून काही नाही.

दिवाळीला येते. मग पुन्हा बसू किल्लेदारापुढे. तू सांग, मी दाबते.

तुझी,
उल्का

*

पुणे, २३ जुलै २०२३

(अक्षर मामीचं.)

चि. उल्का,

हे पत्र सांगायला मला दोन दिवस लागले. शब्द तोंडाशी येऊन उभे राहतात, बाहेर पडत नाहीत. तुझी मामी लेखणी घेऊन बसते आणि खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवते. थांबते माझ्यासाठी. तीही सभ्यच आहे.

पाचव्या पातळीचं वाचून बरं वाटलं. ढोल चांगला.

आता किल्लेदाराचं. मी "डावी" म्हणालो आणि तू डावीकडे अडवलंस, असं तू लिहितेस. मी तुझ्या शेजारी बसलो होतो, उल्का. उभा जन्म लोकांच्या हातांकडे बघण्यात गेला. माझ्या तोंडून "डा" निघायच्या आत तुझं बोट पडलेलं असायचं. मग तू थांबायचीस. माझा शब्द पुरा झाला की म्हणायचीस, "बरोब्बर, मामा!" एवढ्या आखूड चाहुलीत माणसाचा शब्द पोचतच नाही, माझा तर नाहीच. ती चाहूल मीच आखूड करायला सांगितली होती. तो किल्लेदार तू एकटीने मारलास. फार छान मारलास. खांद्याकडे बघत होतीस, पात्याकडे नाही.

मला ते पहिल्याच वाराला कळलं. तरी मी शेवटपर्यंत "डावी, खाली, आता" म्हणत राहिलो. तो पडला तेव्हा टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात तुला एवढं मोठं व्याख्यान दिलं होतं, त्यातलं एक अक्षरही त्या वेळी बोललो नाही. आता खरं कळून तरी करायचं काय, असं वाटलं. आणि तुझा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला होता. तो बाजूला व्हायला नको होता मला.

दिवाळीला ये. बसू आपण. पण नियम तो नियम. सुरू करायच्या आधी गॅलरीत जा आणि मला कच्चा लिंबू केल्याचं सगळ्या पेठेला ओरडून सांग. आणि जरा मोठ्याने ओरड. मला कमी ऐकू येतं.

तुझा,
बाळमामा